नखाएवढ्या जागेवर एक कांदा

लग्नसराईत नामपूरच्या रस्त्यावरून वरात निघते तेव्हा पुढे बँड, मधे नाचणारी पोरं आणि मागे नवरदेवाची घोडी, असा ठरलेला क्रम असतो. एक गाणं संपून बँडवाले दुसरं धरेपर्यंत काही सेकंद शांतता मिळते, आणि तेवढ्यात घोडीची टाप ऐकू येते. डांबरावर लोखंड. टप, टप, टप, टप. हा आवाज इतका ओळखीचा झालेला असतो की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही.

पण विचारून बघावं. लोहार ऐरणीवर घण मारतो तेव्हा घण उलटा उडतो आणि मनगटाला झिणझिण्या येतात. इथे चारशे किलोचं जनावर लोखंडी नाल ठोकलेला पाय टणक रस्त्यावर आपटतं, दिवसात हजारो वेळा आपटतं, आणि त्याच्या मनगटाचं काही बिघडत नाही. मग तो धक्का जातो कुठे?

आपल्या कानावर येते ती टाप म्हणजे त्या धक्क्याची चिल्लर आहे. मोठ्या नोटा सगळ्या खुरात आणि पायात जिरतात. त्या नोटा मोजायला बसलं की आकडे असे निघतात की बाजार समितीतला हिशेबनीसही दोनदा बेरीज करील.

चौदा बोटांवरून चार

घोड्याच्या पुढच्या पायातल्या ज्या सांध्याला आपण गुडघा म्हणतो, ते खरं तर त्याचं मनगट. त्याच्या खाली तळहाताचं एक लांब हाड, त्याखाली बोटाची तीन पेरं, आणि शेवटच्या पेराला वेढून बसलेलं नख. हे नख म्हणजेच खूर. स्वतःचं मधलं बोट टेबलावर उभं टेकवून त्यावर अंगाचा भार द्यायचा प्रयत्न करा. दोन सेकंदांत हात काढून घ्याल. घोडा जन्मभर तसाच उभा असतो. चार पाय म्हणजे चार बोटं, बस्स.

पाच-साडेपाच कोटी वर्षांपूर्वी असं नव्हतं. घोड्याचा तेव्हाचा पूर्वज कोल्ह्याएवढा होता, जंगलातल्या मऊ जमिनीवर वावरायचा आणि त्याच्या पुढच्या पायांना चार चार, मागच्या पायांना तीन तीन बोटं होती. एकूण चौदा. पुढे जंगलं विरळ झाली, माळरानं पसरली, पळण्याला महत्त्व आलं आणि बाजूची बोटं एकेक करून गळाली. दोन बोटांच्या खुणा आजही घोड्याच्या नळीच्या दोन्ही अंगांना बारीक काड्यांसारख्या हाडांच्या रूपानं दिसतात. बैलानं दोन बोटं राखली, म्हणून बैलाच्या एका पायाला दोन पत्र्या मारतात. घोड्यानं एकच बोट राखलं, म्हणून त्याला एक नाल.

त्यात मनगटाच्या खाली मांसल स्नायू जवळपास नाहीतच. नुसती हाडं, आणि त्यांना ताणून धरणाऱ्या दोऱ्यांसारख्या कंडरा. म्हणजे धक्का झेलायला गादी असावी असं जिथे आपल्याला वाटतं, तिथे काहीच दिसत नाही.

एका बोटावर दहा क्विंटल

आता भार मोजू. सोयीसाठी घोडा चारशे किलोचा धरू. उभ्या घोड्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या दोन पायांवर असतं, कारण मान आणि डोकं पुढे आहे. म्हणजे पुढच्या एका खुरावर साधारण १२० किलो. चालायला लागला की एकेका पुढच्या खुरावर क्षणभर अंगाच्या साठ टक्के, म्हणजे २४० किलोपर्यंत भार येतो. दुडक्या चालीत हा भार अंगाच्या वजनालाही ओलांडतो. आणि घोडा चौखूर उधळला की एका खुरावर अंगाच्या अडीच पट भार येतो. चारशेचे एक हजार किलो. एक टन. नामपूरच्या कांदा लिलावाच्या भाषेत दहा क्विंटल, पन्नास किलोच्या वीस गोण्या. एका बोटावर.

तेही किती वेळ? भरधाव घोड्याचा खूर जमिनीला एका वेळी जेमतेम एक दशांश सेकंद टेकतो. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर १९४३ पासून होणारी इंडियन डर्बी २४०० मीटरची असते आणि चांगला घोडा ती अडीच मिनिटांच्या आसपास पूर्ण करतो. एका झेपेत पावणेसात मीटर अंतर धरलं तर या शर्यतीत प्रत्येक खूर साधारण साडेतीनशे वेळा जमिनीवर पडतो. म्हणजे अडीच मिनिटांपैकी खूर जमिनीवर असतो तो सगळा मिळून अर्धा मिनिट. उरलेली दोन मिनिटं तो हवेत.

शर्यतीचा घोडा साडेचारशे किलोच्या पुढचाच असतो. त्याच्या पुढच्या खुरावर दर झेपेला अकराशे किलो धरले आणि साडेतीनशे झेपांची नुसती बेरीज केली, तर एका खुराच्या खात्यावर ३८५ टन जमा होतात. पंचवीस क्विंटलची एक ट्रॉली धरली तर दीडशेहून जास्त ट्रॅक्टर-ट्रॉल्या कांदा, आपल्या तळहाताएवढ्या जागेतून, अडीच मिनिटांत.

निऱ्यांचा हिशेब

हे कसं पेलतं, याचं उत्तर बाहेरून दिसत नाही. खूर म्हणजे भरीव ठोकळा आणि त्यावर हाड टेकलेलं, अशी आपली समजूत असते. तसं असतं तर पहिल्याच दौडीत त्या हाडानं तळवा फोडून खाली यायला हवं होतं. प्रत्यक्षात बोटाचं शेवटचं हाड खुराच्या आत टेकलेलं नसून बाजूच्या भिंतीला आतून टांगलेलं असतं. विहिरीच्या कडेला मोट लटकावी तसं, फरक इतकाच की इथे एक दोर नाही, लाखभर आहेत.

त्यासाठी आपल्याकडची निऱ्यांची साडी आठवावी. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, पण ते कमरेपाशी वीतभर जागेत बसतं, कारण ते निऱ्या घालून चापून बसवलेलं असतं. खुराच्या भिंतीच्या आतल्या बाजूला अशाच उभ्या निऱ्या असतात, सुमारे साडेपाचशे ते सहाशे. हाडाकडूनही तितक्याच निऱ्या निघतात आणि दोन्ही एकमेकींत घुसतात. दोन जाड वह्यांची पानं एकाआड एक एकमेकांत घालून बघा. मग त्या वह्या दोन माणसांनी ओढल्या तरी सुटत नाहीत. तसंच हे, शिवाय इथे जिवंत ऊती एकमेकींना चिकटलेल्या.

खुराचं काम इथे संपत नाही. या प्रत्येक निरीच्या कडेला पुन्हा बारीक निऱ्या असतात, एकेकीला दीडशे ते दोनशे. सहाशेला दीडशेनं गुणलं तर नव्वद हजार, दोनशेनं गुणलं तर एक लाख वीस हजार. एका खुरात साधारण लाखभर, चारही खुरांत चार लाख. त्या सगळ्या उलगडून पसरल्या तर एका खुरातलं क्षेत्रफळ सुमारे ०.८ चौरस मीटर भरतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या अंगावरची डोक्यापासून पायापर्यंतची सगळी कातडी काढून पसरली तर साधारण एवढीच होईल. ती दोन ओंजळींत मावणाऱ्या खुरात दुमडून ठेवलेली आहे.

आता मघाचा टनभर भार या क्षेत्रावर वाटून बघू. ०.८ चौरस मीटर म्हणजे आठ हजार चौरस सेंटिमीटर. हजार किलोला आठ हजारांनी भागलं की येतात १२५ ग्रॅम. एक चौरस सेंटिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढी जागा, आणि १२५ ग्रॅम म्हणजे एक मध्यम कांदा. हाच भार हाडानं थेट तळव्यावर टाकला असता, तर शे-सव्वाशे चौरस सेंटिमीटरच्या तळव्याला दर नखाएवढ्या जागेमागे आठ किलोच्या वर ओझं झालं असतं. निऱ्यांनी ते आठ किलोंवरून एका कांद्यावर आणून ठेवलं. प्रत्यक्षात भार सगळीकडे सारखा पडत नाही, खुराच्या पुढच्या अंगाला जास्त ओढ बसते, तेव्हा हा हिशेब ढोबळच. पण युक्ती कळायला तो पुरे आहे. दहा क्विंटल एकट्यानं उचलायचे नाहीत, लाख जणांत वाटून घ्यायचे.

साल्हेरच्या पायथ्याचे पावणेपाच एकर

नामपूरच्या अंगणातून वाहणारी मोसम ज्या डोंगरांतून उतरते, त्याच मुलुखात साल्हेर उभा आहे, १,५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. फेब्रुवारी १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठे आणि मोगल यांच्यात उघड्या मैदानावर मोठी लढाई झाली, प्रतापराव गुजर आणि मोरोपंत पिंगळे यांच्या फौजांनी ती जिंकली. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत या लढाईत हाती लागलेल्या घोड्यांचा आकडा सहा हजार दिला आहे. उंट आणि हत्ती वेगळे.

सहा हजार घोडे म्हणजे चोवीस हजार खूर. दर खुरात लाखभर निऱ्या धरल्या तर दोनशे चाळीस कोटी. दर खुरात ०.८ चौरस मीटर धरलं तर १९,२०० चौरस मीटर, म्हणजे पावणेपाच एकर. आपल्याकडच्या एखाद्या शेतकऱ्याचं सगळं डाळिंब त्यात बसेल. दख्खनी घोडे आजच्या शर्यतीच्या घोड्यांहून चणीनं लहान होते म्हणून एखादा एकर वजा करा. तरीही एवढं शिवार त्या दिवशी सहा हजार घोड्यांच्या नखांत घडी घालून ठेवलेलं होतं, आणि तलवारबाजी पाहणाऱ्या कुणाच्या ते ध्यानीमनी नव्हतं.

एक दशांश सेकंदात काय काय घडतं

भार वाटून घेणं ही अर्धी गोष्ट झाली. धक्का म्हणजे नुसता भार नव्हे, तो एकदम येतो हे त्याचं दुखणं. दहा किलोची पिशवी हळूच हातात दिली तर काही वाटत नाही, तीच माडीवरून टाकली तर खांदा निखळेल. तेव्हा खुराला भार जागेत वाटावा लागतो तसा तो वेळेतही वाटावा लागतो, आणि वेळ तर आहे एक दशांश सेकंद.

खूर टेकतो तेव्हा तो आधी किंचित पुढे घसरतो. मातीच्या वाटेवर ताजा ठसा वाकून पाहिला तर खुराच्या पुढच्या कडेला माती किंचित रेटलेली दिसते. या घसरण्यात पुढे जाण्याचा जोर थोडा खर्ची पडतो.

मग टाचा फाकतात. खूर वरून बंद वर्तुळासारखा भासला तरी तो मागे उघडा असतो, घोड्याच्या नालेसारखाच. किंवा उलट म्हणू, नाल खुरासारखी उघडी असते. भार आला की मागचे दोन्ही काठ मिलिमीटरच्या हिशेबानं बाहेर सरकतात आणि पाय उचलला की पुन्हा जागेवर येतात. डोळ्यांना हे दिसत नाही, पण जुन्या नालेच्या मागच्या टोकांवर बोट फिरवलं तर खुराच्या या घासण्यानं झिजून झालेली गुळगुळीत खाच हाताला लागते.

खूर उचलून उलटा धरला तर मधे त्रिकोणी, रबरासारखा भाग दिसतो. त्याला पुतळी म्हणतात. तिच्यावर, आतल्या बाजूला, तंतू आणि चरबीची एक उशी असते आणि दोन्ही बाजूंना कूर्चेचे लवचीक पडदे. ही उशी दबते आणि धक्का खाते असं शेकडो वर्षं मानलं गेलं. १९९४ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी चालत्या घोड्याच्या या उशीत दाब मोजणारं यंत्र बसवलं, तेव्हा भलतंच दिसलं. भार आल्यावर उशीतला दाब वाढायच्या ऐवजी कमी होत होता. टाचा फाकतात, हाड खाली येतं आणि उशीत जणू पोकळी तयार होते. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातले रॉबर्ट बोकर यांनी पुढे मांडलं की या ओढीनं खुराच्या मागच्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्यात रक्त खेचलं जातं आणि अरुंद वाहिन्यांतून रक्त सरकताना धक्क्याची ऊर्जा जिरते. मोटारसायकलच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेल बारीक भोकातून ढकललं जातं तसंच. इथे तेलाच्या जागी रक्त.

या सगळ्याची गोळाबेरीज नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मिळते. खुराच्या भिंतीवर बसलेल्या हादऱ्यापैकी सुमारे ६७ टक्के हादरा भिंत आणि आतलं हाड यांच्यामधल्या त्या निऱ्यांच्या पट्ट्यातच विझत होता. बोटभरही जाडी नसलेल्या पट्ट्यात दोनतृतीयांश धक्का खलास.

उरलेला वर सरकतो. खुराच्या वरचा सांधा दौडीत इतका खाली दबतो की मागचे केस जमिनीला टेकायला येतात. मागची कंडरा ताणली जाते आणि सुटताना घोड्याला पुढे फेकते. या कंडरेला जोडलेल्या एका स्नायूचे तंतू इतके आखूड असतात, काही मिलिमीटरचे, की ते निरुपयोगी अवशेष आहेत असं मानलं जायचं. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमधले अ‍ॅलन विल्सन आणि सहकाऱ्यांनी डिसेंबर २००१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवलं की हे आखूड तंतू टाप पडल्यावर पायात उठणारी थरथर शोषून घेतात. सेकंदाला तीस-चाळीस हेलकावे घेणारी ती थरथर न विझती तर कंडरा हळूहळू पिंजून गेली असती.

आणि अगदी वर आणखी एक नवल आहे. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे पाय धडाला हाडानं जोडलेलेच नाहीत. छाती दोन्ही खांद्यांच्या मधे स्नायूंच्या झोळीत लटकते. म्हणजे घोडा दोनदा टांगलेला असतो, एकदा धड पायांत आणि एकदा हाड खुरात. टांग्याला जुंपलेला घोडा आधीच स्वतः टांगलेला असतो, हे टांग्यात बसून कुणाच्या लक्षात येणार?

पुण्याहून निघालेला खूर

खुराची भिंत आपल्या नखाच्याच द्रव्याची, केराटिनची. पण तिची बांधणी निराळी. तिच्यात वरून खाली जाणाऱ्या बारीक नळ्या असतात, बाहेरच्या अंगाला दाट, आतल्या अंगाला विरळ. बाहेरची बाजू कोरडी आणि टणक, आतली ओलसर आणि नरम. टणकपणाकडून नरमपणाकडे असा हळूहळू उतार असल्यानं हादरा एका जागी अडून तडा जात नाही. कॅनडातल्या जॉन बर्ट्रम आणि जॉन गॉस्लिन यांनी १९८० च्या दशकात खुराचे तुकडे ताणून फाडून पाहिले. पुरता वाळलेला खूर ठिसूळ आणि पाण्यात भिजलेला मऊ; सर्वांत चिवट तो मधल्या ओलाव्याचा. भेग पडलीच तर ती सरळ आत न शिरता वाट बदलते आणि जिवंत भागापासून दूर वळते.

हे नख महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतं. पुढच्या बाजूला, केसांच्या कडेपासून जमिनीपर्यंत यायला त्याला नऊ महिने ते वर्ष लागतं. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. जाणते लोक तिथे घोड्याचा रंग, उंची आणि भोवरे बघण्याआधी खाली वाकतात. पहिले पाय देख, मंग घोडं देख, असा अहिराणी सल्ला असतो. ज्या खुराकडे बघून या दत्तजयंतीला व्यवहार ठरला, तो पुढच्या दत्तजयंतीला शिल्लक नसतो. झिजून, छाटून तो केव्हाच गेलेला असतो आणि त्याच्या जागी नवा उतरलेला असतो. वीस वर्षं जगलेल्या घोड्याच्या एका खुराची वाढ जोडली तर ती उंच माणसाच्याही डोक्यावरून जाते.

आता पावलं मोजू. धुळे, नंदुरबार, नाशिक या भागांत मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या ठेलाऱ्यांच्या वाड्यांबरोबर लहान चणीची घोडी असतात. पाठीवर खाट, गोधड्या, भांडी, वर बांधलेली कोंबडी, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू. चालत्या घोड्याचं एक पूर्ण पाऊल पावणेदोन मीटरच्या आत-बाहेर पडतं, म्हणजे किलोमीटरला प्रत्येक खूर सहाशे वेळा टेकतो. दिवसाला दहा किलोमीटर धरले तर सहा हजार, शंभर दिवसांच्या भटकंतीत सहा लाख. चारही खुरांचे मिळून चोवीस लाख ठोके, आणि पाठीवर अख्खा संसार.

अटकेपार झेंडे लावले असं आपण अभिमानानं म्हणतो. १७५६ च्या अखेरीस राघोबादादांची फौज उत्तरेकडे निघाली आणि १७५८ मध्ये मराठे अटकेला पोचले. पुण्याहून अटक सरळ रेषेत सुमारे सतराशे किलोमीटर. घाट, नद्या, वळणं, लढाया यात धरलेल्या नाहीत. किलोमीटरला सहाशे या दरानं एका खुराचे दहा लाखांहून जास्त ठोके. आणि दरम्यान गेली दीड वर्षं. वाटेत घोडे बदलले, मेले, नवे आले हे खरंच; पण पुण्यापासून शेवटपर्यंत टिकलेला घोडा जरी घेतला, तरी तो ज्या खुरांवर निघाला त्यातला पुढचा भाग अटकेपर्यंत पोचलाच नाही. वाटेतल्या मुलुखांत तो कणाकणानं सांडून गेला.

नालबंदाचे मिलिमीटर

इतकी बांधणी असताना मग नाल कशाला? कारण टणक रस्त्यावर आणि सततच्या कामात झीज वाढीच्या पुढे जाते. नाल झीज थांबवते, पण फुकट नाही. त्या नेदरलँड्सच्या प्रयोगात लोखंडी नालेनं खुराच्या भिंतीवरचा हादरा सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढला. वरच्या हाडांपर्यंत मात्र तो फरक जवळपास पोचला नाही, वाटेतच जिरला.

खरी कसोटी नालबंदाची. पुढच्या बाजूला भिंतीची जाडी जेमतेम सेंटिमीटरभर. तिच्या आतल्या कडेला एक फिकट रेघ असते आणि तिच्या पलीकडे जिवंत मांस. खिळा रेघेच्या बाहेरून शिरून वरती भिंतीतून बाहेर यायला हवा. दोन मिलिमीटर आत गेला तर घोडा लंगडतो. हुशार नालबंद खिळे खुराच्या पुढच्या अर्ध्या भागातच मारतो आणि टाचेकडचा भाग मोकळा सोडतो. त्याला कारण विचारलं तर तो रक्तवाहिन्यांची भाषा बोलणार नाही. मागं बांधलं तर पाय आखडतो, एवढंच सांगेल. टाच फाकायला जागा हवी, हे त्याच्या हातांना माहीत असतं. आणि दर सहा-आठ आठवड्यांनी नाल उतरवून वाढलेला खूर तासावाच लागतो, नाहीतर लांबलेल्या नखानं सगळ्या सांध्यांचा कोन बिघडतो.

जमिनीचाही वाटा मोठा आहे. माथेरानच्या तांबड्या मातीच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवायला घेतले तेव्हा घोडे घसरतात म्हणून तिथल्या घोडेवाल्यांनी विरोध केला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माती दबते, सरकते आणि धक्क्यातला आपला हिस्सा उचलते. डांबर, काँक्रीट आणि फरशी काहीच उचलत नाहीत. सगळं बिल खुराच्या नावानं फाडतात.

घोडा का अडला

एवढी भक्कम यंत्रणा मोडते कशानं? उधळण्यानं फारशी नाही. २००६ मध्ये अमेरिकेतली केंटकी डर्बी जिंकणाऱ्या बार्बारो या घोड्याचा मागचा उजवा पाय दोनच आठवड्यांनी दुसऱ्या शर्यतीत वीसहून अधिक तुकड्यांत मोडला. डॉक्टरांनी पट्टी आणि स्क्रू बसवून तो सांधला, आणि हाड बऱ्यापैकी जुळूनही आलं. पण दुखऱ्या पायावर भार द्यायचा नाही म्हणून तो धडक्या पायावर उभा राहत गेला, आणि त्या धडक्या पायाच्या खुरातल्या निऱ्या सुटल्या. पुढे पुढच्या पायांतही तेच झालं. २९ जानेवारी २००७ रोजी त्याला मरण द्यावं लागलं. मोडलेल्या पायापेक्षा न मोडलेल्या पायानं त्याचा घात केला.

निऱ्या सुटण्याच्या या रोगाला लॅमिनायटिस म्हणतात. फाजील धान्य खाल्ल्यानं आणि शरीरातल्या इतर बिघाडांनीही तो होतो, पण एका पायावर फार वेळ तसंच उभं राहणं हेही एक ठळक कारण आहे. निऱ्यांना रक्त मिळतं ते भार आला-गेला, आला-गेला या लयीत. भार तसाच राहिला तर रक्त पुरत नाही, ऊती उपाशी पडतात आणि लाखभर दोर एकामागून एक सुटतात. मग टांगलेलं हाड खाली उतरू लागतं. घोडेवाले घोड्याला पाच हृदयं असतात असं म्हणतात, एक छातीत आणि चार पायांत. मिनिटाला साठेक पावलं चालणाऱ्या घोड्याचे चारही खूर मिळून मिनिटाला अडीचशेच्या घरात वेळा दाबतात आणि सोडतात; निवांत उभ्या घोड्याचं छातीतलं हृदय तेवढ्यात तीस-चाळीस वेळा पडतं.

आपण सगळ्यांनी शाळेत एक कोडं ऐकलं आहे. पान का सडलं, भाकरी का करपली, घोडा का अडला, आणि तिन्हीचं एकच उत्तर. उत्तर देणाऱ्याला निऱ्यांची संख्या माहीत नव्हती, पण पागेत उभं राहून बिघडलेल्या घोड्याचे पाय त्यानं नक्की पाहिले असणार.

वरात मांडवाशी पोचली की नवरदेव उतरतो, लोक आत जातात आणि घोडी बाहेर उरते. आरशांची झूल, कपाळावर गोंडा, पाठ रिकामी. नीट पाहिलं तर ती स्वस्थ उभी नसते. मागचा एक पाय उचलून टोकावर टेकवते, थोड्या वेळानं तो खाली ठेवून दुसरा उचलते, मग पुढच्यांवरचा भार इकडचा तिकडे करते. आपल्याला वाटतं कंटाळली. थोड्या वेळानं घोडीवाला पोरगा लगाम हाती घेतो आणि तिला मोसमच्या दिशेनं एक फेरी मारून आणतो. आत मंगलाष्टकं सुरू झालेली असतात, बाहेर बँड बंद असतो, आणि टाप लांब लांब जात ऐकू येत राहते.